तेल

केम्निट्झमध्ये, मोज्यांच्या बंद कारखान्यामागे
योर्नने तीन हिवाळे एकच काम केलं : काढून टाकणं.
आधी सूर गेले. मग टाळी.
मग तो श्वास, जो त्याला फार आवडायचा.
उरला ठोका,
आणि ठोक्याच्या पाठीला चिकटलेली
बारीकशी कुरकुर.

तबकडी छापून आली तेव्हा
हिल्ट्रूड, त्याची आई, बटाटे सोलत होती.
एकोणीस मिनिटं काही बोलली नाही.
सालीची लांबच लांब फीत
ताटाबाहेर लोंबत राहिली.

मग सुरी खाली ठेवून म्हणाली,
"सात नंबरचं मशीन.
डावीकडची सुई अडकतेय.
तेल घाला म्हणून किती वेळा सांगितलं होतं मी
त्या मुकादमाला."

योर्नने तबकडी उलटली.
दुसऱ्या बाजूला त्याने
तेही काढून टाकलं होतं.

आई अजून कान देऊन बसली आहे.