तात्पुरतं

नऊ वाजता लेनॉक्स ड्रिल लावतो.
अकराव्या मजल्यावरचं कुलूप चार मिनिटांत सुटतं.
एकेचाळीस वर्षांचं बिऱ्हाड, चार मिनिटं.

मी फॉर्मवर लिहिते: व्हॉइड.
आमच्या खात्यात रिकाम्या घराला असंच म्हणतात.
माणूस जातो, घराची पोकळी होते,
आणि ती महिन्यात भरली नाही
तर शुक्रवारच्या बैठकीत माझं नाव लाल अक्षरात.

मिसेस ऑलवेन प्रॉसर.
भाडं कधी थकलं नाही. तक्रारी दोन:
लिफ्ट, आणि पुन्हा लिफ्ट.
भाच्याने टीव्ही नेला, कपाट नेलं,
पडदे राहू दिले, आणि दारामागे एक चिठ्ठी,
गुरुवारपर्यंत दूध नको.
कोणता गुरुवार, ते नाही.
बाथरूमच्या बुरशीशेजारी पट्टी धरून
मी फोटो काढते. तीस सेंटिमीटर पुरत नाहीत.

इथून दोन बस बदलून, रिंग रोडच्या हॉटेलात,
खोली दोनशे बारा:
फेवन, दोन मुलं, एक किटली.
कायदा म्हणतो सहा आठवडे.
हा एकतिसावा.
स्वयंपाकाला मनाई, म्हणून भाताचा कुकर पलंगाखाली
आणि धुराच्या यंत्राला शॉवरची टोपी.
मी टोपी काढायला लावली,
'सर्व ठीक'वर खूण केली.
मी जिना उतरेपर्यंत ती परत चढली असणार.
हे मला ठाऊक होतं, आणि मी जिना उतरले.

थोरला नाहोम नऊ वर्षांचा.
शाळेत कुणी विचारलं, कुठे राहतोस,
तर म्हणतो, 'सध्या.'
एवढंच.

तात्पुरतं.
दिवसातून किती वेळा टंकते मी हा शब्द.
त्याच्या पोटात पुरणं आहे:
पुरेसं होणं तेही पुरणं,
मातीत घालणं तेही.
विंचवाचं बिऱ्हाड निदान त्याच्या पाठीवर असतं.
यांचं निम्मं गोदामात आहे,
आठवड्याला सतरा पौंड भाड्याने,
त्यात एक पाळणा, जो आता कुणालाच पुरणार नाही.

गुरुवारी घरं यादीवर चढतात.
अकराव्या मजल्यासाठी एकशे त्रेचाळीस जण.
फेवन तिसरी.
'खूप जवळ आलीस,' मी फोनवर म्हणाले,
आणि जीभ चावली.
चाळिसाव्या नंबराला रात्री झोप तरी लागते.

पहिला नंबर व्हीलचेअरमध्ये आला,
लिफ्टसमोर वीस मिनिटं थांबला,
माझ्याकडे बघून हसला, आणि नको म्हणाला.
दुसऱ्या नंबराला मी फोन केले. तीन.
नियमात तीनच आहेत.
प्रत्येक फोन किती वेळ वाजू द्यायचा
हे नियमात नाही.

सोमवारी किल्ली दिली.
फेवनने भर दुपारी दिवा लावला,
बंद केला, पुन्हा लावला.
मीटरमध्ये चार पौंड सत्तर पेन्स शिल्लक होते,
मिसेस प्रॉसर यांचे.
ते शून्य करायचे असतात.
लेनॉक्स खिडकीबाहेर बघत राहिला, मीही.
नाहोमने विचारलं, 'किती दिवस?'
त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं.
मी लिफ्टबद्दल काहीतरी बोलले.

पाच वाजता टेबलावर निरोपाचा कागद,
रिसेप्शनच्या गिचमिड अक्षरात:
ग्रॉनिया डेव्हलिन, आश्रयगृह, चौथा मजला.
चार्जर खाली ऑफिसात असतो, म्हणाल्या.
फोन वाजताना ऐकला.
धावत उतरले, म्हणाल्या.
कशासंबंधी होता, ते कळवाल का?

कागद अजून तिथेच आहे, कपाखाली.
त्यावर एक गोल उमटलाय.