कलम नऊ

मकरपुऱ्याच्या फॅक्टरीला करारनामा हवाय,
शुक्रवार संध्याकाळपर्यंत.
पद : सायबर सुरक्षा सल्लागार.
नाव : ऋत्वा जयंतीलाल पंचाल. वय सव्वीस.
काम : मालकाच्या घरात चोरासारखं शिरून दाखवणं.

असं लिहिता येत नाही अर्थातच.
मी इंग्रजीत लिहिते, गुजरातीत समजावते,
अडलं की मराठीत पुटपुटते,
दांडिया बाजारात, पहिल्या मजल्यावर.
खालच्या दुकानात दिवसभर
किल्ल्यांच्या नकला निघतात, करकर करकर.

पहिली चार कलमं हाताला सवयीची.
वेतन, रजा, फंड, कामाचे तास.
तास राज्य सरकारने मोजून दिलेत;
चोराला ते कोण वाचून दाखवणार?

कलम पाच, परवानगी.
इथे तीन दिवस गेले.
बोटं तीच, कळफलक तोच, कुलूपही तेच;
हा परिच्छेद असला तर नोकरी,
नसला तर गुन्हा.
कुठलं यंत्र, कुठली दारं,
कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत...
एक स्वल्पविराम सरकला
की पोरगी पोलीस ठाण्याच्या बाकावर.

कलम सात शेठनी सांगून घातलं :
नोकरी सोडल्यावर दोन वर्षं
हेच काम दुसऱ्या कुणाकडे करायचं नाही.
म्हटलं, शेठ, कोर्टात हे टिकत नाही.
म्हणाले, न टिको. लिहा.
भीती तरी टिकेल.

कलम आठ, गुप्तता.
जाताना सगळं परत करावं.
लॅपटॉप करेल, ओळखपत्र करेल.
डोकं कुठल्या पावतीवर जमा करून घ्यायचं?
तेवढी ओळ मी मोघम ठेवली.

गुरुवारी ती आली, हेल्मेट काखेत.
सगळं वाचलं तिने, पेन्सिल घेऊन.
पंचवीस वर्षांच्या वकिलीत
नोकरी लागणाऱ्या माणसाने करार वाचलेला
मी दुसऱ्यांदा पाहिला.
पान तीनवर माझी एक चूकही काढली.

मग पोळातल्या शेजारणींकडून उचललेल्या मराठीत म्हणाली,
ताई, मला जे सापडेल
ते शेठला सापडायला नको असेल, तर?

आधीच्या नोकरीत, एका हॉस्पिटलमध्ये,
चार हजार रुग्णांचे रिपोर्ट उघड्यावर पडलेले दिसले तिला.
कुणाला कावीळ, कुणाला काय, नावानिशी.
तिने सांगितलं.
त्यांनी एकच विचारलं :
तू आत शिरलीस कशी?
पंधरा दिवसांत घरी.
तिथल्या करारात सगळं होतं, म्हणाली,
गणवेशाचा रंगसुद्धा.

मी शेठची वकील. माझी फी शेठ देतात.
तरी रात्री जेवण झाल्यावर कलम नऊ लिहिलं, दीड ओळीचं :
सल्लागाराने सद्हेतूने दोष कळवल्यास
त्या कारणाने तिला काढता येणार नाही.
दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाठवलं.

सकाळी उत्तर :
कलम नऊ काढा. बाकी ओके.

काढायला एक बोट पुरतं.
मी ते बोट धरून बसले बराच वेळ,
चहावर साय आली.
खाली किल्लीवाला कुणाला तरी सांगत होता,
मूळ किल्ली आणा, नकलेवरून नक्कल नीट बसत नाही.

मग लिहिलं : शेठ,
नऊ काढायचं तर पाचही काढते.
आत शिरायची परवानगी देताय,
तर दिसेल ते सांगायचीही द्या;
नाहीतर कुलूप लावून बसा,
सल्लागार कशाला?
पाठवण्याआधी शेवटची ओळ खोडली.
मग पुन्हा लिहिली.

दोन निळ्या खुणा आल्या.
पुढे काही नाही.

ऋत्वाचा मेसेज : ताई, सोमवारपासून येऊ ना?
तिलाही उत्तर दिलेलं नाही.
सव्वासहा झालेत.
कोठीजवळची ई-स्टॅम्पची खिडकी केव्हाच बंद झाली,
म्हणजे सही आज तशीही होत नव्हती.