तेविसावा श्वास

काट्यावर बसत नाही, मापात मावत नाही
अशी गोष्ट मोजायचं काम माझं.
सॅकमध्ये यंत्र, पाच-सहा उदबत्त्या
आणि एक वही, चौकटीची.

जानेवारी. निफाडला पारा साडेचारवर.
इथे द्वारकेच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर,
पुरुषांच्या वॉर्डाने सगळ्या खिडक्या
पोटाशी घट्ट धरलेल्या.
खाटा चोवीस. माणसं एकेचाळीस,
काही खाटांवर, काही खाटांखाली,
आणि रात्री कुणी सोललेल्या संत्र्याचा वास
पहाटेपर्यंत होता तिथेच बसून.

‘हवा बघायला आलात?’ साळवे सिस्टर म्हणाल्या,
‘बघा बाई. आम्हाला तर कधी दिसली नाही.’

चार वाजता आकडा आला: दोन हजार सत्तर.
खाली फाटकापाशी, चहाच्या गाडीजवळ, चारशे वीस.
मधला फरक म्हणजे माणसं.
सलाईनच्या स्टँडला टेकून मी भागाकार केला,
पुन्हा केला,
उत्तर तेच:
इथला दर तेविसावा श्वास
कुणीतरी आधीच घेऊन झालेला.

उष्टा.
हा शब्द अहवालात चालत नाही.

मग टोकाची खोली, खोकल्याच्या पेशंटची.
तिथली हवा आत ओढली जायला हवी, बाहेर यायला नको,
एवढा एकच नियम त्या खोलीचा.
दाराच्या फटीशी उदबत्ती धरली.
धूर क्षणभर थबकला, पाहुण्यासारखा,
आणि बाहेर निघाला.
मी मागे मागे. पॅसेजमधून, पाण्याच्या पिंपावरून,
जिन्याच्या वळणावर झोपलेल्या
एका बाईच्या पदरापर्यंत.
तिच्या कुशीत पोर होतं. टोपी घातलेलं.

मोईन स्टूलवर चढला, टॉर्च तोंडात धरून.
‘पंखा उलटा फिरतोय मॅडम.
मोटर भरून आणली तेव्हा वायरी फिरल्या असणार.’
‘कधी आणली?’
त्याने टॉर्च काढून हातात घेतला.
‘दिवाळीच्या आधी.’

वायरी बदलायला सहा मिनिटं लागली.
मी घड्याळ का बघत होते, माहीत नाही.

सकाळी वॉर्डातल्या खिडक्या. अकरा.
चारांना खिळे, पाचांना रंगाने चिकटवलेलं,
उरलेल्या दोघींच्या फुटक्या काचांवर
जुने एक्सरे डकवलेले, वारा अडवायला.
ऊन आलं तेव्हा भिंतीवर
कुणाच्या तरी फासळ्या उमटल्या,
निळसर, सावकाश सरकणाऱ्या.

खाट नऊवरचे खैरनार मान वर करून पाहत राहिले.
‘यातला एखादा माझा असंल का हो?
मागल्या साली काढला होता. परत मिळाला नाही.’
कोपऱ्यातला नंबर उडून गेलेला.
सिस्टरांनी टेप नखाने सोडवला,
फुप्फुसं गुंडाळून बगलेत धरली,
आणि त्या चौकोनातून
दिंडोरी रोडच्या बाजारातली कोथिंबीर आत आली,
तिच्या पाठोपाठ डिझेल,
मग नुसतीच थंडी.
‘लावा ती खिडकी!’ तीन खाटा एकदम ओरडल्या.
खैरनारांनी टॉवेल डोक्याला बांधला,
बोलले काहीच नाहीत.

दुपारी आकडा: सातशे साठ.
रात्री पुन्हा चौदाशे. कुणीतरी
पुठ्ठा लावला होता, नीट, चारी कडा दुमडून.
मी तो काढला नाही लगेच.
पुठ्ठ्याखाली एक म्हातारा
पहिल्यांदाच गाढ झोपला होता.
मग अर्धा काढला.

अहवाल चौदा पानांचा झाला.
त्यात धूर आहे, दिशा आहे, पंख्याचा नंबर आहे.
पदर नाही.

खाली चहाच्या गाडीपाशी,
जिथे हवा चारशे वीस आणि फुकट,
मी मोजत होते, कशाला कुणास ठाऊक,
वीस, एकवीस, बावीस,
आणि पुढचा घेण्याआधी
जरा थांबले,
दुसऱ्याच्या दारात उभं राहून
‘येऊ का?’ विचारतात
तशी.