पेपर क्रमांक चार

जतच्या कॉलेजात चौथा पेपर घेणारी मी एकटीच.
झेरॉक्सवाल्यानं पानं उलटी लावली होती,
म्हणून जोसाया पेल मला आधी मेलेला भेटला,
मग म्हातारा, मग कंबर मोडलेला कातऱ्या,
आणि सगळ्यात शेवटी, पान एकवर,
बैलगाडीखाली, ताडपत्रीच्या सावलीत जन्मलेला.

सरांच्या नोट्स अशा :
शाळा दोन वर्षं.
प्रभाव : आईचं बायबल, आजोबांची स्कॉटिश गाणी,
लोकरीच्या शेडमधल्या शिव्या.
संग्रह तीन. तिसरा पदरमोड करून छापला,
मेंढरांच्या बाजारात उभं राहून विकला.
उरलेल्या प्रती बायकोनं चुलीत घातल्या
की उंदरांनी खाल्ल्या, यावर समीक्षकांत मतभेद.
वारसा : हमखास येणारा प्रश्न, पाच गुण.

मी वाचत होते वाघरीला टेकून.
आदल्या दिवशी तलावात धुतलेली मेंढरं
अजून ओलसर वास सोडत होती.
आबा कातरत होते. म्हणाले, मोठ्यानं वाच की,
आमालाबी कळू दे, आस्ट्रेलियात काय चाललंय.

मग मी इंग्रजीवरून नजर न काढता
आमच्या बोलीत सांगत गेले :
तू पोटापासून सुटत येतेस, बाई,
धुकं उतरावं तशी, माझ्या उजव्या गुडघ्यावर,
आणि आत सापडतं तुझं लाजलेलं, उघडं अंग,
ज्याला मी आजवर नाव विचारलं नाही.

कातर थांबली.
‘उजव्या?’
पुन्हा वाचलं. उजव्याच.
‘आपली लोकर डाव्या गुडघ्याकडं पडती बघ.
ह्यो गडी डावखुरा हाय.’

प्रस्तावना बावीस पानांची. 
तिच्यात छंद आहे, यमक आहे, एकाकीपणा आहे,
हात नाही.

शेवटच्या संग्रहात एक लांब कविता.
दुष्काळात कळप हाकताना लागलेल्या
सतरा पाणवठ्यांची नुसती नावं.
इंग्रजी नव्हेत ती. जिभेवर खडे ठेवल्यासारखी.
खाली टीप : अर्थ अज्ञात.
आबांनी विचारलं, नावं कुणी सांगितली त्याला?
मी टीप चाळली, पान उलटं करून पाहिलं.
सांगणारा कुठंच नव्हता.
‘म्हंजे पाणी दावणाऱ्यालाच हाकललं व्हय?’
आणि बराच वेळ कातरीचा तेवढा आवाज.

नंतर, कुणी न विचारता, ते बोलू लागले :
म्हातारीचा ढव. शेळवण. खापऱ्या.
घोड्याचं पाणी, जिथं घोडं कधी कुणी बघितलं नाही.
चिंचाळ्याच्या अलीकडचं आंधळं टाकं.
मी पेलच्या कवितेच्या समासात लिहीत गेले
आमच्या खाली उतरायच्या वाटेवरची नावं,
जी तलाठ्याच्या नकाशात नाहीत.
सतरा झाली तरी ते थांबेनात.
समास संपला.

असाइनमेंटमध्ये मी एक वाक्य घातलं :
कवी डावखुरा असावा.
सरांनी लाल पेनानं विचारलं : संदर्भ?
मी खाली लिहिलं, इतर संदर्भांच्याच पद्धतीनं,
आडनाव आधी :
कोळेकर, धुळाप्पा मायाप्पा.
प्रत्यक्ष कातरताना. माडग्याळ, ता. जत.
वर्ष घातलं. पान क्रमांकाच्या जागी रेघ.
सरांनी ते खोडलं नाही. गुणही दिले नाहीत.

घरी सांगितलं तर आबांना वेगळीच काळजी.
‘त्याला कळीवलंस का?’
‘आबा, तो मेलाय. तुमच्या जन्माआधी.’
‘आन त्याची कातर?’
मी म्हटलं, नोट्समध्ये नाही.
आबांनी आपल्या कातरीचं पातं
अंगठ्यावर ओढून धार पाहिली,
मोकळ्या हातानं पुढच्या मेंढीचा कान धरला.
‘डाव्या हाताची आसंल ती.
मिळाली आसंल कुणाला, तर चालली न्हाय.’