चौथा भाग

कार्गोवाला किलोमागे साडेचारशे फिल्स सांगून गेला
तेव्हापासून घरातल्या एकेका वस्तूला वजन आलंय.
शमीम कुकर उचलते, ठेवते, पुन्हा उचलते.
बुशराच्या मालिकेचे चार भाग: दोन किलो शंभर.
पहिले तीन तिने खालच्या मजल्यावरच्या जोसलिनला दिले.
चौथा ठेवला. का, ते विचारायची सोय नाही.

फहाहीलमध्ये रात्री दोनलाही भिंती तापलेल्या.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
खोक्यांच्या मधे बसून मी तो उघडला.
माझं इंग्रजी गोदामातलं:
व्हॉल्व्ह, गॅस्केट, डिलिव्हरी नोट, नग कमी.
ओळीखाली बोट धरून वाचतो, ओळ निसटू नये म्हणून.

भिंतीतलं एक शहर आहे.
पलीकडे काय, हे बोलायची बंदी.
माणसांच्या मनगटात दिवा: हिरवा म्हणजे राहा,
पिवळा झाला की सात दिवस.
मला हसू आलं. सातच?
आम्हाला कंपनीने महिना दिलाय,
वर मिठाईचा डबा
आणि तेवीस वर्षं कोरलेलं एक घड्याळ,
माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून.

ओरा नावाची पोरगी आहे, सोळाची, बुशराएवढी.
आधीच्या तीन भागांत तिने काय काय भोगलं कोण जाणे,
मी आपला निकाह उरकल्यावर
थेट जेवणालाच पोचलेला पाहुणा.
कुणीतरी मेलंय, सगळे रडतायत,
मला अजून त्याचं नाव लागत नाही.

झुंजुमुंजू होता होता ओराने नोंदवही जाळली.
दिवे विझले. फाटक उघडं पडलं.
शेवटच्या पानावर लिहिलंय,
मग ती परत गेली, आईच्या गावी, नदीकाठी.

बाजूला समासात पेन्सिल.
डिलिव्हरी नोटांच्या पाठीवर मीच गिरवून घेतलेलं
बुशराचं अडखळतं मराठी:
'परत? ही तर भिंतीतच जन्मली.'
त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, टोक करून:
'परत जायला आधी तिथून यावं लागतं ना.'

हा शब्द मी तिच्यासमोर सोळा वर्षं वापरतोय,
घास घेण्याआधी बिस्मिल्ला म्हणावं इतक्या सवयीने.
परत जायचंय आपल्याला एक दिवस.
माझ्या 'परत'मध्ये दाभोळची खाडी आहे,
ओहोटीला चिखलात हात घालून काढलेल्या तिसऱ्या आहेत,
फेरीबोटीचा भोंगा आहे.
तिच्यात काय आहे?
दोन वर्षांनी एकदा तीन आठवडे,
घाटात उलट्या, पायांवर डासांच्या गांधी,
किती वाढली गो, म्हणत गाल ओढणाऱ्या बायका.
आणि इथे:
बाकाल्यातून शाळेच्या दप्तरावर धरून आणलेला गरम खुबूस,
धुळीच्या दिवसाची सुट्टी, हळद फासलेलं आभाळ,
मंगफच्या किनाऱ्यावरून मोजलेली जहाजं,
जी कधीच जवळ येत नाहीत.

कानावरची पेन्सिल काढली.
तिच्या ओळीखाली काहीतरी लिहायला हवं होतं.
तेवीस वर्षं मी एकच वाक्य लिहीत आलो,
माल चांगल्या स्थितीत मिळाला.
तेच हातातून उतरलं. खोडलं.
खोडलेलं जास्त दिसू लागलं.

पाणी प्यायला उठली तर मी तिथेच.
'संपवलंत, अब्बा?'
शेवट पटला नाही, म्हटलं.
'पाचवा भाग नाहीये,' ती म्हणाली,
आणि पुस्तक बघितलं, माझी खाडाखोडही बघितली असणार,
बोलली नाही.

मी हातातल्या बॅगेतून घड्याळ काढून ठेवलं.
तिथे पुस्तक नीट बसलं.

ती भरलेली बादली उचलून गॅलरीत गेली,
कढीपत्त्याच्या कुंडीत हळूहळू ओतत राहिली.
कुंडी कुणाला द्यायची ते ठरलेलं नाही.
शमीमच्या यादीत ती अजून लिहिलेलीच नाही.