आजचे कार्यक्रम

सोसायटीच्या भिंतीवरचा फळा माझ्याकडे असतो.
पगार नाही. खडू ग्रामपंचायतीचे, फडकं घरचं.
वर्षभर त्यावर कांद्याचा भाव,
रेशन आलं, लाईट जाणार, कुणाचं रक्षाविसर्जन.
हस्ताचा हत्ती माळावर सोंड झाडून गेला,
शाळू पेरून पाभरी भिंतीला टेकल्या,
की मी कोळसा उगाळून फळा काळाभोर करतो
आणि लांब शेपटीच्या अक्षरात लिहितो.

सोमवार : गजी, तालमीपुढं. ढोल सादळला तर बुधवारी.
मंगळवार : महिलांसाठी संगीत खुर्ची. बक्षीस कुकर, पाच लिटर.
बुधवार : रक्तदान. जेवून येणे.
गुरुवार : पडद्यावर सिनेमा. नाव मागाहून.
रोज दिवेलागणीला हादगा.
(हे लिहायची गरज नसते,
पण पोरी फळ्यापुढून हलत नाहीत.)

गलाईवाले आले.
विट्याच्या रस्त्यानं गाड्या, पाट्यांवर लांबच्या मुलखाची अक्षरं.
आमच्याकडं माणसाला आडनाव शेवटी लागतं,
आधी लागतं ते शहर, जिथं तो सोनं गाळतो :
लुधियान्याचा आनंदा, त्रिचूरचा बाजीराव,
मदुराईची इंदू.
वर्षभर भट्टीपुढं बसून
ते इथं येतात आणि दोन दिवस नुसते झोपतात.
तिसऱ्या दिवशी वर्गणीची पावती.
आकडा बघून खजिनदार उठून खुर्ची देतो.

मंगळवारच्या खुर्च्या मात्र कुणी कुणाला दिल्या नाहीत.
सव्वीस बायका, पंचवीस खुर्च्या.
मग वीस. मग नऊ. पदर खोचलेले, चपला कडेला.
गाणं थांबवायचं काम सिकंदर मुलाणीचं,
मशीन त्याचं, कर्णे त्याचे,
आणि शेवटच्या दोघींत एक त्याची बायको.
सिकंदरनं पाठ फिरवली. वर टॉवेल घेतला डोक्यावरून.
गाणं वाजतंय, वाजतंय, त्याचं बोट काही उतरेना.
रेहाना आणि इंदू एका खुर्चीभोवती फिरतायत,
घाण्याला लागल्यागत, हसून हसून दम लागलेल्या,
आणि तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात एक खुर्ची कडाडली.
बॅटरी मारून बघतो तर दोघी खाली, पाय वर,
खुर्चीचे तुकडे मंडप डेकोरेशनचे.
पंचांनी कुकर रेहानाला दिला, शिट्टी इंदूला.
शिट्टी मदुराईला गेली की नाही, ठाऊक नाही.

इंदूची पोरगी मीनाक्षी, आठ वर्षांची.
मराठी तिच्या तोंडात गरम घासासारखी,
इकडून तिकडं फिरवते.
हादग्याला तिची खिरापत होती.
डबा कानाशी नेऊन सगळ्यांनी हलवला.
उसळ? नाही. हरभरे? नाही. चटपटी? नाही, नाही.
खोबऱ्याचा वास येत होता, कढीपत्त्याचाही.
सारा गाव हरला तेव्हा तिनं झाकण काढलं.
हरभरेच होते.
पोरी चिडल्या, खोटारडी म्हणाल्या.
ती म्हणाली, हरभरे नाही. सुंडल.
आणि दोन्ही हातांनी वाटायला लागली.
माझ्याही तळहातावर चार दाणे आले.
मी फळ्याच्या कोपऱ्यात तो शब्द लिहिला,
तिला विचारून, ड की ढ.

दसऱ्यानंतर गाड्या गेल्या.
कर्णे उतरले, पडद्याची चादर सिकंदरच्या दोरीवर वाळतेय.
मी फडकं ओलं केलं,
तेवढ्यात फोन. मदुराईहून, आईच्या मोबाईलवरून :
काका, आज काय लिहिलं?

मी फळ्याकडं बघितलं.
कांदा, म्हटलं. एक नंबर अठराशे, गोल्टी नऊशे.
पलीकडं भट्टीचा पंखा घोंगावत होता.
ती हळूच म्हणाली, गोल्टी,
आणि परत एकदा, गोल्टी.
मग विचारलं,
अजून?