दाताखाली

गुडवेग तीन पोत्यांपुढे उभी.
पिल्सनर माल्ट, गवतासारखा फिकट,
कुणाचंही ऐकणारा.
दुसरा जरा भाजका,
पावाच्या कडेच्या चवीचा.
तिसऱ्याला सुतळीची गाठ:
गेल्या मार्चात आयनारने शेडमध्ये मोड आणून
आल्डरच्या धुरावर वाळवलेला सातू.
काही दाणे करपलेले. एक तर चक्क खडा.

"बिअर म्हणजे हाच," भाऊ म्हणायचा,
"हॉप्स वगैरे पाहुणे."

ती दाणा दाताखाली धरते.
कट्.
आधी पीठ, मग गोडी,
मग उशिरा, घशाशी, धूर.

फ्योर्डवर तीनलाच अंधार.
बरणीत यीस्ट जागं झालंय;
त्याला काय, साखर मिळाली की झालं.

नऊ किलो फिकट मोजते ती.
थांबते.
चार किलो परत पोत्यात ओतते
आणि सुतळी सोडते,
दातांनीच.